क्लीसन फ्रेच्या पुस्तकातली चिठ्ठी

२२ ऑगस्ट १९५७, गुरुवार

चिठ्ठी क्लीसन फ्रेच्या पुस्तकात निघाली. बिशप एझ्रा वेबरांनी ती स्वतः बाहेर काढली, चष्मा पुसला, दोनदा वाचली आणि सगळ्या मंडळीला दिसेल अशी वर धरली. म्हणजे वाचण्यात काही चूक झाली असेल, ही आशाही संपली.

लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही. सभाघर गच्च भरलं होतं. पुढच्या टेबलावर सात गीतपुस्तकं, प्रत्येकाला दोरा बांधलेला, चिठ्ठी फक्त एकात. आम्ही सातजण वयाच्या क्रमाने उठलो आणि एकेक पुस्तक घेऊन बसलो. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी, तो मरेपर्यंत मंडळीचा उपदेशक. शिक्षण नाही, परीक्षा नाही, निवड देवाची. ही आमची रीत, आणि तिच्याबद्दल मी आजवर वावगा शब्द काढलेला नाही.

क्लीसन माझ्या आधी उठला. टेबलाशी पोचला तोच हात थरथरायला लागला. उचललेलं पुस्तक निसटून धाडकन जमिनीवर पडलं. त्याने तेच परत उचललं, कोटाला पुसलं आणि जागेवर आला. नेमकी त्यातच चिठ्ठी. देवाला निवडायचंच होतं, तर निदान टेबलावर राहिलेल्या पुस्तकातून निवडता आलं असतं.

हा तोच माणूस, जो दोन वर्षांपूर्वी तीन महिने शहरातल्या नसांच्या इस्पितळात होता. अंगात ताप नाही, हाड मोडलेलं नाही. सकाळी उठवत नाही, हा आजार. त्याची कापणी भावांनी केली, दूध बायकोने काढलं. त्याच्या कुंपणाचे खांब अजून एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून उभे आहेत.

माझे वडील उपदेशक होते, आजोबाही. आमच्या जर्मन बायबलातलं रोमकरांस पत्र मला अथपासून इतिपर्यंत पाठ आहे. पण ते असो. हे पद ज्याला हवंसं वाटतं तो त्याच्या लायकीचा नसतो, असं आमच्याकडे म्हणतात. मला ते नकोच होतं.

येताना माझी बायको लोविना घोडागाडीत एक शब्द बोलली नाही. फेब्रुवारीत बाळ गेलं तेव्हापासून हिचं हे असंच. तेव्हाच मी तिला सांगितलं होतं, ज्याने दिलं त्याने नेलं, यापुढे विषय नको. सहा महिने झाले. घरी आल्यावर टोपीसुद्धा न काढता तळ्यावर गेली, रानबदकं बघायला. जेवण मलिंडाने रांधलं. सतरा वर्षांच्या पोरीला सगळं घर हाकावं लागतं, याची आईला लाज नाही.

२३ ऑगस्ट

झोप नीट लागली नाही. एक गोष्ट या वहीशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

क्लीसनचं नाव मीच दिलं होतं.

निवडीच्या आदल्या आठवड्यात बाई असो वा पुरुष, प्रत्येक सभासद सभाघराच्या मागच्या छोट्या खोलीत जातो आणि बिशपांच्या कानात एक नाव सांगतो. ज्याला तीन आवाज मिळतात त्याचं पुस्तक टेबलावर लागतं. मी एडन गिंग्रिचचं नाव दिलं असतं, तर एक खरोखरचा माणूस माझ्यासमोर उभा राहिला असता. स्वतःचं तर कुणी देत नाही. म्हणून म्हटलं, क्लीसन. हे नाव दुसरं कोण घेणार? माझा आवाज अलगद वाया जाणार होता. वर बिशपांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दुबळ्या भावाची आठवण ठेवणारा हा एकटाच निघाला. ती नजर मला आवडली, हेही लिहितो.

आणखी दोन मूर्ख कोण, हे मला कळायला हवं.

५ सप्टेंबर

मका कापून चाऱ्याचा सायलो भरला. शेजारपाजारचे नऊजण मदतीला होते, नवे उपदेशकही. यंत्रात मका घालायच्या कामावर त्याला कुणी ठेवलं नाही, हात गमावून बसला असता. गाडी हाकायला दिली. दोनदा चाक खड्ड्यात घातलं.

जेवताना माझ्या शेजारी येऊन बसला.

"इनोस, येत्या रविवारी माझा पहिला उपदेश. तुला शास्त्र येतं. सुरुवात कुठून करू, सांग ना."

"उत्पत्तीपासून कर."

"मग फार वेळ लागेल रे."

"तुला वेळाला काय तोटा? सकाळ तर तू वापरतच नाहीस."

सगळे खदखदून हसले. एडनने तर पाणीच सांडलं. क्लीसनही हसला, हेच मला त्याचं कळत नाही. अपमान झाला की माणसाने निदान गप्प बसावं. म्हणाला, "आता वापरतो. अर्धी वापरतो. आधी तीही नव्हती."

लोविना सफरचंदाची पाई वाढत होती. ती थाळी हातात धरून तशीच त्याच्याकडे बघत उभी राहिली. मला दोनदा सांगावं लागलं, की माणसं खोळंबली आहेत.

दुपारी सगळे पुन्हा मक्यात गेले तेव्हा बाई तळ्यावर, बदकांकडे. नऊ माणसांची भांडी मलिंडाने घासली.

८ सप्टेंबर, रविवार

आजचं वर्णन करायला मला फार कष्ट पडणार नाहीत, कारण घडलं काहीच नाही.

आमच्याकडे उपदेश कागदावरून वाचत नाहीत. उभं राहायचं आणि देव सुचवेल ते बोलायचं. क्लीसन उभा राहिला. वचन वाचलं, पौलाच्या पत्रातलं: देवाचं सामर्थ्य माणसाच्या अशक्तपणात पुरं होतं. मग थांबला. मी खिशातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. चार मिनिटं. एक मूल रडलं, त्याला बाहेर नेलं, परत आणलं, हा अजून उभाच. कपाळावरचा घाम कॉलरमध्ये उतरत होता.

मग बोलला. जवळजवळ शब्दशः देतो, कारण एवढंच होतं:

"मला आत्ता काही सुचत नाही. मी आजारी होतो तेव्हाही सुचत नसे. प्रार्थनाही येत नसे. दिवसभर मी भिंतीकडे बघायचो. एके दिवशी मी बूट घातले. कुठे जायचं नव्हतं, नुसते घातले आणि पलंगावर बसलो. दुसऱ्या दिवशी परत घातले. ते माझं बळ नव्हतं, माझ्याकडे नव्हतंच. एवढं मला ठाऊक आहे."

आणि खाली बसला.

बूट. नवा करार उघडा समोर असताना हा माणूस बुटांवर बोलतो. हे वचन दुबळ्यांना भारी आवडतं. आपलं काहीच धड नसलं, की तेवढ्यावरच देवाचा शिक्का मारून मोकळे. शास्त्रात ते आहे, मी नाही म्हणत नाही. पण पौलाने ते लिहिलं तेव्हा त्याच्या मागे हजारो मैलांचा प्रवास होता, फटके होते, तुरुंग होते. क्लीसनच्या मागे काय आहे? पलंग.

बाहेर घोडे जुंपताना मी बिशपांना म्हटलं, "उपदेश थोडा आखूड झाला."

ते म्हणाले, "गिदोनाचं सैन्यही लढाईआधी देवाने आखूडच केलं होतं, इनोस."

मी म्हटलं, "गिदोनाचे तीनशे निदान उभे राहू शकत होते."

त्यांनी घोड्याचा पट्टा ओढला आणि हवेबद्दल बोलायला लागले. म्हाताऱ्याला आता माणसांची पारख राहिली नाही.

९ सप्टेंबर

लोविना सकाळी गोठ्यापर्यंत आली. पायात काळे रविवारचे बूट. आमच्या बायका थंडी पडेपर्यंत अनवाणी वावरतात, चामडं कशाला झिजवायचं? मी म्हटलं, "कुठे निघालीस?" म्हणाली, "कुठे नाही." दाराशी थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली.

दूध बरं आहे. लाल गाय लंगडते.

११ सप्टेंबर

आजही बूट. बायकांच्या लहरींवर शाई घालवण्यात अर्थ नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

आज सभेत शेजारच्या मंडळीतून आलेल्या एडनच्या काकांचा उपदेश. दीड तास, खणखणीत. याला म्हणतात उपदेश. लोविना मात्र घरी राहिली, पाठ दुखते म्हणून.

जेवताना मी मलिंडाला म्हणालो, "त्या क्लीसनला आवाज देणारे कोण होते, ते एकदा समोर यायला हवेत."

लोविनाने चमचा खाली ठेवला. "मी दिला."

"तू?"

"हो."

"अख्ख्या मंडळीत तुला तोच सापडला? का म्हणून?"

तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तो परत आला ना तिथून."

"कुठून? इस्पितळातून? गाडीत बसलं की कुणीही परत येतो."

मलिंडा म्हणाली, "बाबा, राहू दे ना."

पोरीनेही आता मला शिकवायचं. लोविना उठून गेली. एक मूर्ख सापडला, तोही माझ्याच घरात. दुसरा मी. तिसऱ्याचा शोध घ्यायची इच्छा उरली नाही.

२० सप्टेंबर

आज उपदेशक महाशयांची आमच्याकडे भेट. मी गव्हाचं बी काढत होतो. मला वाटलं, शास्त्र उघडेल, गुडघे टेकून प्रार्थना करेल. वडील भेटीला जात तेव्हा घरातलं मांजरसुद्धा नीट बसे.

हा ओसरीवर बसला, लोविनाच्या टोपलीतली सफरचंदं घेतली आणि सोलायला लागला. ती सोलते आहे, तो सोलतो आहे. चाळीस मिनिटं. एकदाही कुणी तोंड उघडलेलं मी पाहिलं नाही. सालही अशी जाड काढली, की डुकरांची चंगळ झाली.

जाताना कोठाराशी आला. टोपी हातात फिरवत उभा.

"इनोस, तिला एकटी ठेवू नकोस."

"धाकटी मुलं धरून घरात पाच माणसं आहेत."

"तसं नाही. एकटी बाहेर जाऊ देऊ नकोस. आणि डॉक्टरला दाखव. मी येतो बरोबर. माझा डॉक्टर भला माणूस आहे."

"ती वेडी नाही."

"मीही नव्हतो," तो म्हणाला.

"मला गहू पेरायचा आहे, क्लीसन. हवा चार दिवस टिकेल."

"मी पेरतो. तू तिच्याजवळ बस."

"तुझ्या ओळी मी पाहिल्या आहेत."

यावर तो मान खाली घालून हसला, पण लगेच गंभीर झाला. "बरं, वाकड्या ओळीतही गहू उगवतो," म्हणाला. "सोमवारी येऊ का?" मी म्हटलं, गरज नाही. दुसऱ्याच्या घरात आपला आजार शोधत फिरणं, ही दुबळ्या माणसांची जुनी खोड आहे. आपल्यासारखं कुणी सापडलं की त्यांना बरं वाटतं.

२४ सप्टेंबर

गहू पेरून झाला. ओळी सरळ.

दुपारी लोविना पुन्हा तळ्यावर. तासभर. बदकं बघून कुणाचं पोट भरलं आहे? हाक मारली तर लवकर वळलीही नाही. बूट काठावर काढून ठेवले होते. घालायचे तर घाल, नाही तर नको घालू.

२६ सप्टेंबर

येत्या रविवारी शांतीची सभा. प्रभुभोजनाच्या विधीच्या दोन आठवडे आधी प्रत्येक सभासद मागच्या खोलीत जातो आणि बिशप व उपदेशकांसमोर सांगतो, की देवाशी आणि माणसांशी माझी शांती आहे, मला भोजनात भाग घ्यायचा आहे. एकाने जरी उपदेशकांविरुद्ध हरकत घेतली, तरी तिचा निकाल लागेपर्यंत सबंध मंडळीचं भोजन थांबतं.

मी हरकत घेणार आहे. मुद्दे चार. उपदेश करता येत नाही. भेटीत शास्त्र वाचत नाही. स्वतःचं शेत सांभाळता येत नाही, तो देवाची मंडळी काय सांभाळणार. यासाठी तर पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्राचाच आधार आहे. चौथं, तो मनाने आजारी आहे आणि इतरांनाही तसंच ठरवू बघतो. गोठ्यात तीनदा म्हणून पाहिलं. आवाज चांगला लागला. गायी चौदा वर्षं माझं ऐकत आल्या आहेत.

मनात राग नाही. हे मी मंडळीसाठी करतो आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

आधी बायका आत गेल्या. एकेकीला अर्धं मिनिट लागतं. ठरलेलं वाक्य, मान हलवायची, बाहेर. लोविना आत गेली आणि बाहेर आली नाही. रांग थांबली. पुरुषांच्या बाकांवरून माझ्याकडे माना वळायला लागल्या. पंधरा मिनिटांनी बिशपांची बायको आत गेली, लोविनाच्या खांद्याभोवती हात टाकून तिला मागच्या दाराने बाहेर घेऊन गेली. मग मला बोलावलं, पाळी नसताना.

खोलीत बिशप आणि क्लीसन. मी माझे मुद्दे मनात जुळवून गेलो होतो.

बिशप म्हणाले, "बस, इनोस. लोविना म्हणाली, तिला शांती नाही. देवाशी नाही, स्वतःशी नाही. तिला येता हिवाळा बघायचा नाही, असं म्हणाली."

मी म्हटलं, "थकली आहे ती. तिच्या बोलण्याचं एवढं काय."

क्लीसन हात मांडीखाली दाबून बसला होता, थरथरू नयेत म्हणून. पण आवाज थरथरत नव्हता. "ती तळ्यावर कधीपासून जाते?"

"जाते मधूनमधून. बदकं बघायला."

"इनोस, बदकं दुपारी तळ्यावर नसतात. दिवसभर माझ्या ओट्सच्या रानात असतात, मीच हाकलतो ना. संध्याकाळी परततात. दुपारी तळं रिकामं असतं."

मी त्याच्याकडे बघितलं. मला चार मुद्द्यांपैकी एकही आठवेना. घड्याळ काढलं असतं, तर किती मिनिटं गेली ते कळलं असतं.

शेवटी बिशपांनी रीतीप्रमाणे विचारलं, "तुझी शांती आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

"कुणाशी? क्लीसनशी?"

मी त्यासाठीच तर आलो होतो. म्हणालो, "घरात नाही." एवढंच निघालं. रोमकरांस पत्र पाठ असलेल्या माणसाच्या तोंडून दोन शब्द.

बिशपांनी मान हलवली. मंडळीचं भोजन ठरल्या दिवशीच होईल. मी त्यात भाग घेणार नाही.

३० सप्टेंबर

लोविना बिशपांच्या घरी आहे. मलिंडा तिच्याजवळ.

आज ही वही मागे चाळली. बर्फ वितळल्यापासून परवापर्यंत 'तळ्यावर' हा शब्द अकरा ठिकाणी आहे. तारीख घातलेली, अक्षर माझं, वळणदार. अकराही ठिकाणी बदकं लिहिली आहेत. एकदाही मी जाऊन बघितलं नाही, की तिथे बदकं आहेत का. लाल गाय लंगडते हे मला पहिल्या दिवशी दिसलं होतं.

कुणी मला विचारलं असतं, तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, की या घरात दुबळं माणूस एकच आहे.

१ ऑक्टोबर

लोविनाला इस्पितळात नेलं. आमच्यात मोटार ठेवत नाहीत, म्हणून मंडळीबाहेरचा इंग्रज शेजारी मॅक्लाउड, त्याची मोटार. पुढे मॅक्लाउड, मागे लोविना, क्लीसन आणि मी. क्लीसनला मोटार लागते. वाटेत दोनदा उतरून रस्त्याच्या कडेला ओकला. दुसऱ्या वेळी लोविनाने खिडकीतून आपला रुमाल पुढे केला. कित्येक महिन्यांत तिने आपणहून कुणाला काही दिलेलं मी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "बघ, तुला पोचवायला कोण आलंय." ती हसली असं नाही म्हणता येणार. पण काहीतरी झालं.

इस्पितळाच्या दाराशी तिचे पाय थबकले. मी म्हटलं, "चल, डॉक्टर थांबलेत." ती हलली नाही. क्लीसन तिच्या शेजारी जाऊन नुसता उभा राहिला. म्हणाला, "मी इथे वीस मिनिटं उभा होतो. माझा भाऊ ओरडत होता." आणि खरंच, किती वेळ गेला कोण जाणे, तो काही बोलला नाही, तिला धरलं नाही. मग ती स्वतः चालत आत गेली.

मी ओरडणाऱ्या भावाच्या जागी उभा होतो, हे मला समजलं.

३ ऑक्टोबर

उपदेशक म्हणून क्लीसन मला अजून पसंत नाही. हे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. येत्या रविवारी तो पुन्हा उभा राहील आणि पुन्हा अडकेल, पैज लावायची आमच्यात परवानगी असती तर लावली असती. पण अशक्तपणाचं ते वचन काल दूध काढताना मनात आलं, तेव्हा पहिल्यांदाच मला त्याचा अर्थ गायींना समजावून सांगता येईना.

डॉक्टरांचा निरोप मॅक्लाउडच्या फोनवर आला: ती जेवली. औषधाला वेळ लागेल. आठवड्यातून एकदा भेटता येईल.

संध्याकाळी क्लीसन येऊन गेला. मी विचारलं, "तिथे गेल्यावर तिच्याशी काय बोलायचं?"

"काही नाही."

"मग करायचं काय?"

"बसायचं."

"आणि ती रडली तर?"

"तरी बसायचं. शास्त्र नको सांगूस, इनोस. तुला येतं, म्हणून सांगतो."

शनिवारी सकाळी साडेनऊला मॅक्लाउडची मोटार येईल. भेटीची वेळ दोन ते चार. म्हणजे मला दोन तास गप्प बसायचं आहे, आणि मला ते येत नाही.